माशाच्या तेलाच्या कॅप्सूल: डबी घेण्याआधी मराठवाड्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूरला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दिवसातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच, "ओमेगा-थ्रीची चांगली गोळी द्या." कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. चांगली कोणती हे डबीच्या पुढच्या बाजूवरून कधीच ठरत नाही. निम्मं उत्तर मागच्या बारीक अक्षरांत असतं आणि निम्मं तेलाच्या ताजेपणात. लोक जे प्रश्न विचारतात ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

डबीवर मोठ्या अक्षरांत 1000 मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे तेवढं ओमेगा-3 मिळतं का?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 1000 मिलिग्रॅम हे माशाच्या तेलाचं वजन. ज्यासाठी आपण पैसे मोजतो ते ओमेगा-3 चे दोन घटक म्हणजे ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये 180 मिलिग्रॅम ईपीए आणि 120 मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे मिळून 300 मिलिग्रॅम असतं. बाकीचं 700 मिलिग्रॅम दुसरी चरबी. तेल शुद्ध करून घट्ट (कॉन्सन्ट्रेटेड) केलेल्या कॅप्सूलमध्ये हेच प्रमाण 500, 600 किंवा त्याहूनही जास्त असतं.

डबी हातात घेतली की आधी उलटी करा. ईपीए आणि डीएचए यांचे आकडे वेगवेगळे दिलेत का ते बघा आणि त्यांची बेरीज करा. नुसतं ‘एकूण ओमेगा-3’ लिहून हे दोन आकडे दिलेच नसतील, तर ती डबी परत ठेवा. आणखी एक गोष्ट तपासा: तक्ता एका कॅप्सूलचा आहे की दोन कॅप्सूलचा. ‘प्रति सर्व्हिंग’ असं लिहून खाली बारीक अक्षरांत ‘एक सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल’ अशी ओळ असते. ती नजरेतून सुटली की सगळा हिशोब दुपटीने चुकतो.

480 ची डबी घेऊ की 900 ची?

किंमत डबीला लावू नका, एक ग्रॅम ईपीए-डीएचएला लावा. समजा 480 रुपयांच्या डबीत 60 कॅप्सूल आहेत आणि प्रत्येकीत 300 मिलिग्रॅम ईपीए-डीएचए आहे. एकूण 18 ग्रॅम झालं, म्हणजे ग्रॅमला साधारण 27 रुपये पडले. 900 च्या डबीतही 60 कॅप्सूल आहेत, पण प्रत्येकीत 600 मिलिग्रॅम. एकूण 36 ग्रॅम, ग्रॅमला 25 रुपये. वरून महाग दिसणारी डबी प्रत्यक्षात स्वस्त निघाली, शिवाय रोजच्या कॅप्सूलही निम्म्या झाल्या. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हे अर्ध्या मिनिटात होतं. काउंटरवर उभं राहून करा. मेडिकलवाल्याला राग येत नाही, आला तर येऊ द्या.

‘ओमेगा 3-6-9’ असं लिहिलेल्या डब्यांवर मात्र पैसे घालवू नका. करडई, सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा या आपल्या रोजच्या तेलांतून ओमेगा-6 आणि 9 भरपूर मिळतं. ते कॅप्सूलमधून घेण्याची गरज मराठवाड्यातल्या कुठल्याच घराला नाही.

पण मला ही कॅप्सूल मुळात हवीच आहे का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून याला सविस्तर उत्तर देतो.

1970 च्या दशकात डेन्मार्कचे बँग आणि डायरबर्ग हे संशोधक ग्रीनलंडला गेले. तिथले इन्युइट लोक सील आणि मासे भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो, असं त्यांनी मांडलं. माशाच्या तेलाची सगळी चर्चा तिथून सुरू झाली. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा चित्र तेवढं सरळ राहिलं नाही. 2018 साली अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीचा निकाल आला. 25,871 लोकांवर केलेल्या त्या चाचणीत रोज एक ग्रॅमच्या कॅप्सूलमुळे हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘असेंड’ चाचणीत 15,480 मधुमेही लोकांतही फायदा दिसला नाही.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढलेल्या लोकांची गोष्ट वेगळी. ‘रिड्यूस-इट’ या चाचणीत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू असलेल्या 8,179 रुग्णांना शुद्ध केलेलं ईपीए रोज 4 ग्रॅम दिलं आणि हृदयाच्या घटना 25 टक्क्यांनी कमी झाल्या. तुलनेच्या गटाला मिनरल ऑईल दिलं होतं, तेच त्या गटाला बाधलं का यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. 2020 च्या ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत ईपीए आणि डीएचए मिळून तेवढाच डोस दिला, तर फायदा निघाला नाही.

माझं मत असं: ट्रायग्लिसराइड जास्त असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर जरूर घ्या, पण त्यांनी सांगितलेलंच आणि त्यांनी सांगितलेल्या डोसमध्ये. आठवड्यातून दोनदा तेलकट समुद्री मासा खात असाल आणि रिपोर्ट ठीक असतील, तर कॅप्सूलचे पैसे वाचवा. मासे अजिबात खात नसाल आणि रोज 250 ते 500 मिलिग्रॅम ईपीए-डीएचए घ्यावंसं वाटत असेल, तर त्यात वावगं काही नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनेही मोठ्या माणसाला दिवसाला 250 मिलिग्रॅम पुरेसं मानलंय.

आम्ही नाथसागरचे मासे खातो. रोहू, कटला, मरळ. त्यातून मिळत नाही का?

मिळतं, पण कमी. गोड्या पाण्यातल्या माशांत ईपीए-डीएचए समुद्री तेलकट माशांपेक्षा बरंच कमी असतं. जायकवाडी, माजलगाव, येलदरी इथला मासा प्रथिनांसाठी उत्तमच आहे, तो खात राहा. ओमेगा-3 साठी मात्र बर्फात येणारा बांगडा आणि तारली बघा. बुधवारी-रविवारी ताजा माल आला की घ्या आणि कालवण करा. खरपूस तळल्यावर यातलं बरंच हातचं जातं.

सुकट आणि वाळलेल्या बोंबलाबद्दलही विचारतात. चवीला चांगलेच, पण बोंबील मुळातच कमी चरबीचा मासा आहे. मीठ लावून वाळवलेला असेल तर बीपीवाल्यांनी जपून खावा.

घरात सगळे माळकरी आहेत. गळ्यात माळ असताना ही कॅप्सूल चालेल का?

नाही चालणार, आणि कुणी "औषध आहे, त्याला काय होतंय" म्हणून गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. तेल माशाचं आणि वरचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेलं. खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो, ती मांसाहाराची खूण.

तुमच्यासाठी शेवाळाचं तेल मिळतं. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळापासून ते काढतात. माशांच्या अंगात डीएचए येतं तेही शेवटी त्या शेवाळातूनच. हिरवा ठिपका बघा, कॅप्सूलचं आवरण वनस्पतीजन्य आहे का ते बघा आणि डीएचएचा आकडा वाचा. काही शेवाळ तेलांत ईपीए नसतं किंवा नावापुरतं असतं. किंमत माशाच्या तेलापेक्षा जास्तच पडते.

मग जवसाची चटणी पुरत नाही का? आजी तर रोज खायची.

चटणी खाच. भाकरीवर जवसाची चटणी आणि वर तेलाची धार, यापेक्षा चांगलं जेवण मला माहीत नाही. चमचाभर जवसात एएलए नावाचं ओमेगा-3 दीड-दोन ग्रॅम असतं. पण आपलं शरीर त्यातला थोडाच भाग ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचएमध्ये तर अगदीच नगण्य. म्हणून जवस हा कॅप्सूलचा हिशोबी पर्याय होत नाही. त्यात चोथा आणि इतर चांगल्या गोष्टी आहेत, त्यासाठी ते खायचंच. भाजून कुटलेलं घ्या, अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं.

तेल खराब झालंय हे कसं ओळखायचं?

टोचून, वास घेऊन, चाखून.

मे महिन्यात औशाकडचे एक काका मुलाने कुरियरने पाठवलेली डबी घेऊन आले. "हे बघा बरं, गोळ्या निघतच नाहीयेत." डबी हलवली तर खुळखुळ नाहीच. सगळ्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून तळाशी ढेकूळ झालेलं. सुरीच्या टोकाने एक सोडवली, टाचणीने टोचली आणि थेंब बोटावर घेतला. वास आला तो माशाचा नव्हता. पावसाळाभर डब्यात पडून राहिलेल्या शेंगदाण्यांना येतो तसा, घशात टोचणारा खवट वास होता. एक्स्पायरी मात्र अजून वर्षभर लांब होती.

ईपीए आणि डीएचए ही नाजूक चरबी. हवा, उजेड आणि उष्णता लागली की खराब होते. नवीन डबी उघडली की एक कॅप्सूल अशी टोचून बघायची सवय लावा. माशाचा हलका वास असणं ठीक आहे. खवट, ऑईलपेंटसारखा किंवा कडवट वास आला तर डबी वापरू नका. लिंबू-संत्र्याचा स्वाद घातलेल्या कॅप्सूलमध्ये खवटपणा झाकला जातो. म्हणून मी पहिल्यांदा घेणाऱ्यांना बिनस्वादाची घ्यायला सांगतो. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलचंही तेच. ढेकर येत नाही, त्यामुळे आत काय आहे तेही कळत नाही.

नुसतं चिकटणं म्हणजे तेल खवट झालंच असं नाही. उष्णतेने जिलेटिन मऊ पडतं. पण डबीने ऊन खाल्लंय याचा तो पुरावा आहे, तेव्हा टोचून बघितल्याशिवाय घेऊ नये.

आमच्याकडे उन्हाळ्यात 43-44 जातं. डबी ठेवू कुठे?

डब्यांवर बहुधा 25 किंवा 30 अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडच्या पत्र्याच्या घरात एवढी गार जागा सापडणं अवघड. गॅसच्या वरचं फडताळ, खिडकीची कड, टीव्हीवरची जागा आणि गाडीचा डॅशबोर्ड या जागा टाळा. घरातली सगळ्यात आतली, अंधारी खोली बघा. फ्रिज असेल तर त्यात ठेवा, पण दार आणि बर्फाचा कप्पा सोडून, झाकण घट्ट लावून. गारठ्याने कॅप्सूल धुरकट दिसली तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर परत स्वच्छ होते. बाटलीतलं पातळ तेल घेतलं असेल तर ते उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचं आणि डबीवर दिलेल्या मुदतीत संपवायचं.

खरेदीचंही तसंच. कडक उन्हाळ्यात मी ऑनलाईन मागवू नका असंच सांगतो. गोदामातून टेम्पोत, टेम्पोतून मोटारसायकलच्या पिशवीत, तो सगळा प्रवास भर दुपारचा असतो. वर्षभराची एकदम घ्यायची असेल तर ती दिवाळीनंतर घ्या, आणि त्यातही दोन महिन्यांची घेतलेली बरी. उत्पादनाची तारीख जितकी जवळची तितकं चांगलं. ‘एकावर एक फ्री’ दिसलं की आधी तारीख बघा.

कंपनीचा तपासणी अहवाल मागता येतो का? त्यात काय वाचायचं?

येतो, आणि मागावा. डबीवरचा बॅच नंबर लिहून कंपनीला ईमेल करा आणि त्या बॅचचा अहवाल मागा. चांगल्या कंपन्या देतात, काहींच्या डबीवर तर स्कॅन करायचा कोडच असतो. उत्तरच आलं नाही तर पुढची डबी दुसऱ्या कंपनीची घ्या.

अहवालात खवटपणाचे तीन आकडे असतात: पेरॉक्साइड, अॅनिसिडीन आणि टोटॉक्स. पेरॉक्साइडच्या आकड्याची दुप्पट करून त्यात अॅनिसिडीन मिळवलं की टोटॉक्स येतो. ओमेगा-3 उद्योगाच्या ‘गोएड’ या संघटनेने पेरॉक्साइड 5, अॅनिसिडीन 20 आणि टोटॉक्स 26 या वरच्या मर्यादा ठरवल्यात. जितका कमी तितका बरा. स्वाद घातलेल्या तेलात अॅनिसिडीनचा आकडा फसवू शकतो, म्हणून तो स्वाद घालण्याआधीचा असावा. कॅनडातला ‘आयएफओएस’ कार्यक्रम आणि अमेरिकेची ‘यूएसपी’ खूण या बाहेरच्या तपासण्या आहेत. आयएफओएसचा शिक्का दिसला तर त्यांच्या वेबसाईटवर तो ब्रँड आणि बॅच शोधून बघा, कारण शिक्का छापायला काहीच लागत नाही.

पारा असतो म्हणतात. भीती आहे का?

चांगल्या शुद्ध केलेल्या तेलात फार कमी. पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना धरून बसतो, तेलात फारसा उतरत नाही. शिवाय बहुतेक तेल पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्ही किंवा तारलीसारख्या लहान माशांचं असतं, आणि लहान, कमी जगणाऱ्या माशांत असली घाण कमी साठते. पाऱ्यापेक्षा पीसीबी नावाच्या रसायनांची काळजी जास्त, कारण ती चरबीत राहतात. अहवालात पारा, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पीसीबी या पाचांची नावं आहेत का ते बघा.

थर्माकोलच्या कपात तेल टाकलं आणि कप वितळला. म्हणजे तेल नकली ना?

तो व्हिडिओ आमच्याकडेही रोज कुणीतरी दाखवतं. कप वितळला म्हणजे ते तेल बहुधा इथिल एस्टर प्रकारचं आहे, एवढंच. तेल घट्ट करताना त्याचं या रूपात रूपांतर करतात आणि ते रूप थर्माकोल विरघळवतं. डॉक्टर लिहून देतात ती ईपीएची औषधी कॅप्सूलही इथिल एस्टरच असते. यात नकली-असलीचा संबंध नाही.

दुसरं रूप ट्रायग्लिसराइडचं (इथे हे तेलाच्या रूपाचं नाव, रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा नव्हे), माशात नैसर्गिकपणे असतं तसं. ते थोडं बरं शोषलं जातं. इथिल एस्टर रिकाम्या पोटी घेतलं तर बरंचसं वाया जातं, चरबी असलेल्या जेवणाबरोबर घेतलं की फरक बराच भरून निघतो. म्हणून सकाळी चहाबरोबर नको, दुपारच्या किंवा रात्रीच्या मुख्य जेवणात घ्या.

डबीवर कोणता परवाना असावा?

एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, 14 आकडी क्रमांक. तो ‘फॉस्कॉस’ या सरकारी वेबसाईटवर टाकून कंपनी तपासता येते. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. पूरक आहार असेल तर औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, अशा अर्थाची सूचना असते. त्याच डबीवर किंवा पत्रकात ‘शुगर बरी होते’, ‘ब्लॉकेज विरघळतात’ असे दावे असतील तर ते बेकायदा आहेत, आणि असा दावा करणाऱ्याचं तेल मी तरी घेणार नाही.

नात्यातला एक जण साखळी पद्धतीने विकतो. त्याच्याकडून घेऊ का?

नातं सांभाळा, पण ग्रॅमचा हिशोब त्यालाही लावा. वर सांगितलेली बेरीज-भागाकार केली की बहुतेक वेळा किंमत दुकानातल्या डबीच्या कितीतरी पट निघते. ती किंमत तेलाची नसून कमिशनची असते. परभणीच्या एका शिक्षिकाबाईंनी अशी डबी हप्त्यांनी घेतली होती. उलटी करून बघितली तर ईपीए-डीएचएचे आकडेच नव्हते. वाईट वाटलं.

कॉड लिव्हर ऑईल आणि हे एकच का?

नाही. कॉड लिव्हर ऑईल माशाच्या यकृताचं, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी असतं. ते जास्त घेतलं तर ए जास्त होतं. गरोदर बाईने तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये, जास्तीच्या ए ने बाळात व्यंग येऊ शकतं. साध्या माशाच्या तेलाबद्दल मात्र 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या) गरोदरपणातल्या ओमेगा-3 मुळे मुदतीआधी होणारी बाळंतपणं कमी झाल्याचं दिसलं. स्त्रीरोगतज्ज्ञांशी त्यावर जरूर बोला.

मुलगा लातूरला नीटची तयारी करतोय. स्मरणशक्ती वाढेल का?

दरवर्षी जून महिन्यात हा प्रश्न घेऊन पालक येतात. नांदेड, हिंगोली, बीड, सगळीकडून. निरोगी, नीट जेवणाऱ्या मुलाचे मार्क ओमेगा-3 ने वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही. मेसचं जेवण, झोप आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बघा. त्या मुलांकडे पाहून खरंच काळजी वाटते. बरीच जण सकाळी काहीच न खाता क्लासला जातात. त्या पैशांत रोज दोन अंडी किंवा दूध-शेंगदाणे येतात.

गुडघे दुखतात, त्यासाठी?

संधिवाताच्या आमवात प्रकारात दिवसाला सुमारे तीन ग्रॅम ईपीए-डीएचए काही महिने घेतल्यावर दुखणं आणि वेदनाशामक गोळ्या थोड्या कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. वयाने झिजलेल्या गुडघ्यांसाठी पुरावा कमकुवत आहे.

कुणी घेऊच नये, किंवा विचारून घ्यावी?

माशांची अॅलर्जी असलेल्यांनी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन चालू असलेल्यांनी. ऑपरेशन ठरलेल्यांनी. आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात त्यांनी विशेष जपावं. मोठ्या डोसमध्ये एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे ठोके अनियमित होण्याच्या एका आजाराचा, धोका वाढल्याचं चाचण्यांत दिसलंय. "नैसर्गिक आहे, कितीही घ्या" हे चुकीचं आहे.

माशाचे ढेकर येतात.

जेवता जेवता मध्येच घ्या, दिवसाचा डोस दोन वेळांत विभागा. तरी थांबले नाहीत तर एक कॅप्सूल टोचून बघा.

किती दिवस घेऊन बघायचं?

ट्रायग्लिसराइडसाठी घेत असाल तर सुरू करण्याआधीचा रिपोर्ट जपून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी परत तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि आदल्या रात्रीचं जेवण आठ वाजेपर्यंत उरकून, म्हणजे सकाळी पोट दहा-बारा तास रिकामं असेल. 150 च्या खाली ते सामान्य. 500 च्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथे दुकानातली कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेत बसू नका, दवाखाना गाठा. दोन्ही रिपोर्ट आणि रिकामी डबी डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे नेमकं किती ईपीए-डीएचए पोटात गेलं ते त्यांना कळेल.